एलडीएलचा आकडा, कणांची मोजदाद आणि अचानक बंद पडणारी धमनी

मोजपट्टी (धागाकर्ता)

लिपिड प्रोफाइलवर एलडीएलपुढे जो आकडा छापून येतो, तो एलडीएल कणांची संख्या सांगत नाही. त्या सगळ्या कणांच्या पोटात मिळून कोलेस्टेरॉल किती, एवढंच तो सांगतो. फरक किरकोळ वाटेल. पण धमनीच्या भिंतीत शिरतो तो अख्खा कण, म्हणून हार्ट अटॅकचा धोका समजून घ्यायचा तर कणापासून सुरुवात करायला हवी. त्यासाठी हा धागा. (पुढचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. वेगळं एकक असेल तिथे तसं लिहिलंय.)

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून यकृत त्यांची गाठोडी बांधून रक्तात सोडतं. आत मेद, बाहेर फॉस्फोलिपिडचं एकपदरी वेष्टन आणि त्या वेष्टनाला वेढून बसलेलं एक अवाढव्य प्रथिन : ॲपो-बी-१००, ४५३६ अमिनो आम्लांची सलग साखळी. यकृतातून निघताना कण मोठा असतो, तो व्हीएलडीएल. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातलं ट्रायग्लिसराइड उतरवून घेतात, कण आक्रसत जातो. त्यातले काही मधेच यकृतात परत जातात, उरलेल्यांचे एलडीएल होतात, साधारण २० ते २२ नॅनोमीटर व्यासाचे. या प्रवासात ॲपो-बी कणाला कधीच सोडत नाही. एका कणावर एकच रेणू. त्यामुळे ॲपो-बी मोजलं की कण मोजले गेले.

व्हीएलडीएल काही तासांत संपतो, एलडीएलचं अर्धायुष्य मात्र दोन-तीन दिवसांचं असतं. म्हणून रक्तातल्या ॲपो-बी कणांपैकी साधारण ९० टक्के एलडीएलच असतात.

आता दोन माणसं घ्या. दोघांचंही एलडीएल कोलेस्टेरॉल १००. एकाचं ॲपो-बी ८०, दुसऱ्याचं ११०. रिपोर्टच्या नेहमीच्या ओळीत दोघं सारखेच दिसतात, पण दुसऱ्याच्या धमन्यांवरून रोज ३७ टक्के जास्त कण जातात. त्याच्या प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी आहे, इतकंच. मधुमेह, पोटावरची चरबी, चढलेलं ट्रायग्लिसराइड यांपैकी काही असेल तर हा प्रकार हटकून दिसतो. त्यामागे सीईटीपी नावाचं प्रथिन आहे. ते कणांमध्ये देवाणघेवाण घडवतं : व्हीएलडीएल आपलं ट्रायग्लिसराइड एलडीएलला देतो, बदल्यात त्याचं कोलेस्टेरॉल घेतो. मग यकृतातलं लायपेज नावाचं विकर एलडीएलमधलं ते ट्रायग्लिसराइड छाटून टाकतं. मागे राहतो तो कोलेस्टेरॉलने हलका, लहान एलडीएल. असे हलके कण कितीही वाढले तरी एलडीएलचा आकडा शांतच दिसतो.

पुढचा भाग, म्हणजे कण भिंतीत शिरल्यावर काय होतं, तो जाणकारांनी लिहावा.

---

भिंतीपलीकडे

मोजपट्टी, मांडणी नेमकी आहे. पुढचं लिहितो.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एकपदरी अस्तर असतं. साधारण ७० नॅनोमीटरपेक्षा लहान ॲपो-बी कण या अस्तराच्या पेशींमधून आरपार जाऊ शकतात. कण आत-बाहेर करणं सगळ्यांच्याच शरीरात चालू असतं. बिघडतं ते कण आत अडकतो तेव्हा. ॲपो-बीच्या साखळीवर धनभारित पट्टे असतात आणि अस्तराखालच्या प्रोटीओग्लायकॅनवर (साखरेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं) ऋणभार, म्हणून कण तिथे चिकटतो. विल्यम्स आणि टबास यांनी १९९५ मध्ये हीच 'अडकण्याची' कल्पना सगळ्याच्या मुळाशी असल्याचं मांडलं. धमनीला फाटे फुटतात त्या जागी रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो, तिथे अस्तर अधिक झिरपतं आणि कण अधिक अडकतात. प्लाक, म्हणजे भिंतीतला मेदाचा साठा, आधी तिथेच धरतो.

अडकलेल्या कणाचं ऑक्सिडेशन होतं, कण एकमेकांना चिकटतात. ते उचलायला मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येतात आणि खाऊन खाऊन फेसाळ होतात. त्या मरतात, मेलेल्या पेशींचा निचरा होत नाही, मध्ये कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांसह एक मऊ, मृत गाभा साठतो. शरीर त्यावर स्नायुपेशी आणि कोलॅजेनचं झाकण घालतं. हे झाकण जाड असेल तर प्लाक वर्षानुवर्षं गप्प बसतो.

अटॅक येतो तो झाकणामुळे. मॅक्रोफेज कोलॅजेन विरघळवणारी विकरं सोडतात, शिवाय दाहामुळे नवं कोलॅजेन तयार होणं मंदावतं. झाकण ६५ मायक्रोमीटरपेक्षा पातळ झालं की त्याला धोक्याचं धरतात. वहीचा कागदही त्याहून जाड असतो. ते फाटलं की गाभ्यातला टिश्यू फॅक्टर (गुठळी सुरू करणारं प्रथिन) रक्ताच्या संपर्कात येतो आणि मिनिटांत गुठळी. धमनी पूर्ण बंद झाली की त्यापुढचा हृदयाचा स्नायू मरायला लागतो.

सगळे अटॅक फाटण्यानेच येतात असं नाही. साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश वेळा झाकण शाबूत असतं, पण वरचं अस्तर खरवडलं जाऊन त्यावर गुठळी होते. त्याला झीज म्हणूया. कण कमी केल्याचा फायदा तिथेही होतो, पण धूम्रपानाचा वाटा तिथे जास्त मोठा आहे.

---

वाचनमात्र

दोन्ही प्रतिसाद दोनदा वाचले. एक प्रश्न. अँजिओग्राफीत '४० टक्के ब्लॉक, काळजी नको' असं लिहिलेलं असूनही त्याच माणसाला पुढे अटॅक येतो, तो कसा?

---

भिंतीपलीकडे

@वाचनमात्र, अँजिओग्राफी फक्त पोकळी दाखवते, भिंत नाही. ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की प्लाक वाढतो तशी धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. प्लाकने भिंतीच्या आतल्या क्षेत्रफळाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापेपर्यंत पोकळी जवळजवळ तेवढीच राहते. म्हणजे अँजिओग्राफीत 'किरकोळ' दिसणाऱ्या जागी भिंतीत भरपूर माल असू शकतो. एकेक प्लाक घेतला तर जास्त अरुंद केलेला जास्त धोक्याचा असतो हे खरं. पण किरकोळ दिसणारे प्लाक संख्येने कितीतरी जास्त असतात, म्हणून बरेच अटॅक त्यांच्यातून येतात.

यातून दोन गोष्टी निघतात. स्टेंटने एक जागा मोकळी होते, बाकीच्या भिंती तशाच राहतात. आणि चालताना छातीत दुखत नाही, ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली, याचा अर्थ प्रवाह अडलेला नाही एवढाच.

---

सेंट्रिफ्यूज

लॅबच्या बाजूने लिहितो, कारण इथे चुका फार होतात आणि त्या रिपोर्टवर दिसत नाहीत.

बहुतेक ठिकाणी एलडीएल मोजलं जात नाही, काढलं जातं. १९७२ चं फ्रीडवाल्ड सूत्र : एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा (ट्रायग्लिसराइड भागिले ५). यातला 'भागिले ५' म्हणजे व्हीएलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलचा अंदाज. ट्रायग्लिसराइड वाढलं की हा अंदाज वाजवीपेक्षा जास्त येतो आणि एलडीएल खोटं कमी दिसतं. ४०० च्या वर सूत्र वापरूच नये. पण खरी फसवणूक त्याच्या खालीच होते. हे बघा :

एकूण १५०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३५०. सूत्राने एलडीएल = १५० − ३५ − ७० = ४५.

अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या हातात हा कागद पडला तर एलडीएल ५५ या लक्ष्याच्या खाली आलं म्हणून सगळे निश्चिंत होतील. आता नॉन-एचडीएल काढा : १५० − ३५ = ११५. अशा रुग्णासाठी ते ८५ च्या खाली हवं. म्हणजे काम झालेलंच नाही. नॉन-एचडीएलला वेगळी टेस्ट लागत नाही, एक वजाबाकी पुरते, आणि त्यात ॲपो-बी असलेले सगळेच कण येतात. ॲपो-बी करणं शक्य नसेल तिथे हाच आकडा धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मार्टिन-हॉपकिन्स (२०१३) आणि सॅम्पसन (२०२०) ही नवी सूत्रं बरीच सरस आहेत. आपली लॅब कोणतं सूत्र वापरते ते विचारून घ्यावं, कारण सूत्र बदललं की औषध न बदलताही आकडा हलतो.

ॲपो-बी प्रतिपिंडाने थेट मोजतात. उपास लागत नाही. काही लॅब ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात : ०.९ म्हणजे ९०. हे न कळल्यामुळे '०.९, फारच कमी' असा गैरसमज होतो.

नमुना घेतानाच्या चुका :
- झोपलेल्या अवस्थेत घेतलेलं रक्त उभं राहून घेतलेल्यापेक्षा १० टक्क्यांच्या आसपास कमी दाखवू शकतं. उभं राहिलं की पाणी रक्तवाहिनीबाहेर झिरपतं, कण मोठे असल्याने आत राहतात, रक्त दाट होतं. दर वेळी किमान पाच मिनिटं बसवून मगच घ्यावं.
- दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला तरी याच कारणाने आकडा चढतो.
- ताप, मोठं ऑपरेशन, कुठलाही गंभीर आजार : एलडीएल तात्पुरतं उतरतं.
- थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतं. नव्याने वाढलेल्या एलडीएलबरोबर टीएसएच बघितलं नसेल तर तपासणी अर्धवट आहे.

---

तळटीप

+१. धाग्याच्या सुरुवातीच्या मुद्द्यात एक भर : लहान कण मोठ्यांपेक्षा जास्त घातक, अशी समजूत अजून फिरते. लहान कण जास्त अडकतात, जास्त काळ रक्तात राहतात, हे प्रयोगशाळेत दिसतं. पण कणांची संख्या हिशेबात धरली की आकाराने धोक्याच्या अंदाजात फारशी भर पडत नाही. आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असणाऱ्यांचे कण बहुधा मोठेच असतात आणि त्यांना अटॅक फार लवकर येतात. 'माझे कण मोठे आणि फुलके आहेत' यावर कुणीही औषध थांबवू नये.

---

सीसीयू_नोंदवही

अटॅक येऊन गेल्यावर काय करायचं, ते क्रमाने लिहितो.

लिपिडचा नमुना पहिल्या २४ तासांत घ्यावा. त्यानंतर एलडीएल घसरतं आणि काही आठवडे खालीच राहतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आलेला कमी आकडा बघून 'याला कोलेस्टेरॉलचा त्रास नाही' असं ठरवणं ही ठळक चूक. नमुना राहून गेला तरी औषध थांबवायचं नाही. आकडा काहीही असो, उच्च मात्रेचं स्टॅटिन (एलडीएल उतरवणारी गोळी) लगेच : ॲटोरव्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर रोसुव्हास्टॅटिनची मात्रा १० च्या पुढे नेत नाहीत, ॲटोरव्हास्टॅटिनला तशी मर्यादा नाही.

घाई का? २००४ च्या प्रूव्ह-इट चाचणीत अटॅकनंतर ॲटोरव्हास्टॅटिन ८० आणि प्रॅव्हास्टॅटिन ४० यांची तुलना झाली. एलडीएल ६२ विरुद्ध ९५ राहिलं, घटना (मृत्यू, पुन्हा अटॅक, स्ट्रोक अशा) १६ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि फरक पहिल्या महिन्यातच दिसू लागला होता.

पुन्हा लिपिड प्रोफाइल ४ ते ६ आठवड्यांनी. युरोपीय मार्गदर्शनानुसार (२०१९) अटॅक येऊन गेलेल्यांसाठी एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, नॉन-एचडीएल ८५ च्या खाली, ॲपो-बी ६५ च्या खाली. दोन वर्षांत दुसरी घटना झाली असेल तर एलडीएल ४० च्या खाली नेण्याचा विचार करतात.

लक्ष्य गाठलं नाही तर स्टॅटिनची मात्रा दुप्पट करून फार मिळत नाही. दर दुपटीला जेमतेम ६ टक्के. त्यापेक्षा इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडावं. ते आतड्यातलं कोलेस्टेरॉलचं शोषण रोखतं आणि २० ते २५ टक्के उतरवतं. २०१५ च्या इम्प्रूव्ह-इट चाचणीत १८,१४४ रुग्णांमध्ये सिमव्हास्टॅटिनला इझेटिमाइब जोडल्यावर एलडीएल ६९.५ ऐवजी ५३.७ राहिलं आणि ७ वर्षांतल्या घटना ३४.७ ऐवजी ३२.७ टक्के झाल्या. तरीही पुरत नसेल तर पीसीएसके९ (यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता घटवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं : इव्होलोक्युमॅब १४० मिलिग्रॅम किंवा ॲलिरोक्युमॅब ७५ ते १५०, दर दोन आठवड्यांनी. किंवा इन्क्लिसिरान : पहिला डोस, तीन महिन्यांनी दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. म्हणजे स्टॅटिन ५०, इझेटिमाइब २५, इंजेक्शन ६०, असा भक्कम साठा हाताशी आहे.

---

तळटीप

@सीसीयू_नोंदवही, शेवटच्या वाक्याने घोटाळा होईल. ही टक्केवारी बेरजेने चढत नाही. प्रत्येक औषध उरलेल्या आकड्यातून कापतं. मूळ एलडीएल १४० धरा. स्टॅटिनने ७०. इझेटिमाइबने त्याचे २२-२३ टक्के, म्हणजे ५४. काठावर लक्ष्य गाठलं. मूळ १९० असेल तर ९५, मग ७३, मग इंजेक्शनने २९-३०. १९० पासून सुरुवात करणाऱ्याला दोन गोळ्या पुरणार नाहीत हे पहिल्याच दिवशी कागदावर दिसतं, मग सहा सहा आठवडे वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

शिवाय मूळ १९० च्या वर असेल तर आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलची शंका घ्यायला हवी. साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला ते असतं. भाऊ-बहिणी आणि मुलं यांची तपासणी तेव्हाच सांगावी.

---

सीसीयू_नोंदवही

बरोबर, दुरुस्ती मान्य. उदाहरणासह दिलीत ते बरं झालं.

औषधांच्या जोड्यांबद्दल राहिलं : अटॅकनंतर टिकाग्रेलॉर (गुठळी रोखणारं औषध) चालू असेल तर सिमव्हास्टॅटिन ४० च्या वर देऊ नये. स्टॅटिनबरोबर जेमफायब्रोझिल (ट्रायग्लिसराइडचं औषध) टाळावं. ॲटोरव्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं गेलं तर स्टॅटिन चालू आहे हे डॉक्टरांना सांगावं, रक्तातली पातळी चढते.

---

वाचनमात्र

स्टॅटिनने स्नायू दुखतात म्हणून गोळी बंद करणारे पुष्कळ दिसतात. त्यांनी काय करावं?

---

सीसीयू_नोंदवही

अटॅकनंतर परस्पर बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. दुखणं दोन्ही बाजूंना, मांड्या-खांद्यांत, गोळी सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर काही आठवड्यांत आलं असेल तर रक्तातलं सीके (स्नायूंतलं विकर) तपासावं. सीके कमाल मर्यादेच्या १० पटींपुढे असेल तर लगेच थांबवायचं आणि मूत्रपिंड बघायचं. लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तसं नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडा खंड, मग कमी मात्रा किंवा दुसरं स्टॅटिन, सोबत इझेटिमाइब. स्टॅटिन मुळीच चालत नसेल तर बेम्पेडोइक आम्ल १८० मिलिग्रॅम आहे. ते यकृतातच कार्यक्षम होतं, स्नायूत नाही.

२०२० ची सॅमसन चाचणी इथे महत्त्वाची. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने दिसायला तशीच निष्क्रिय गोळी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदवला गेला त्याच्या ९० टक्के निष्क्रिय गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, पण त्याचं कारण बहुतांशी गोळीतलं रसायन नव्हतं. रुग्णाला हे आदराने समजावून सांगितलं तर पुष्कळ जण पुन्हा सुरू करायला तयार होतात.

---

अनुजीन

लायपोप्रोटीन-ए चं नाव अजून कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते.

हा एलडीएलसारखाच कण, त्याच्या ॲपो-बीला एका बंधाने ॲपो-ए नावाचं शेपूट जोडलेलं. कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये तो शोधला. पातळी जवळजवळ सगळी जनुकांवर ठरते, आहार-व्यायामाने हलत नाही, स्टॅटिनने उतरत नाही. म्हणून आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. ही दोन एककं एकमेकांत नेमकी बदलता येत नाहीत, कारण शेपटाची लांबी माणसागणिक वेगळी असते. शक्य असेल तिथे नॅनोमोलमध्येच मागावं.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी : याच्यातलं कोलेस्टेरॉलही एलडीएलच्या आकड्यात मोजलं जातं. स्टॅटिन नियमित घेऊनही एलडीएल अपेक्षेइतकं उतरत नसेल तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजाव्यात, मग ही टेस्ट करावी. पातळी चढलेली निघाली तर बाकीच्या ॲपो-बी कणांना आणखी खाली नेणं आणि रक्तदाब, साखर, तंबाखू यांत सवलत न देणं, हेच हातात असतं.

---

भिंतीपलीकडे

अनुजीन, धन्यवाद, हा भाग हवाच होता.

अवांतर नाही, पण थोडक्यात एचडीएलबद्दल : 'चांगलं कोलेस्टेरॉल ७० आहे म्हणून वाईटाची चिंता नाही' हे चूक आहे. टॉरसेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, पण मृत्यू वाढले म्हणून चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली. एचडीएल मुद्दाम वाढवून अटॅक टळत नाहीत.

आणि कण कमी केल्यावर भिंतीत काय बदलतं हेही दिसलं आहे. २०२२ च्या पॅकमन-एएमआय चाचणीत ३०० रुग्णांमध्ये अटॅकनंतर लगेच स्टॅटिनबरोबर ॲलिरोक्युमॅब किंवा निष्क्रिय इंजेक्शन दिलं. ५२ आठवड्यांनी धमनीच्या आतून चित्रं घेतली तेव्हा ॲलिरोक्युमॅब मिळालेल्यांचा प्लाक जास्त आटला होता आणि झाकण जास्त जाड झालं होतं. अँजिओग्राफीत असा बदल सहसा नजरेतही भरत नाही.

---

वाचनमात्र

शेवटचा प्रश्न. अटॅकनंतर सहा आठवड्यांनी असा रिपोर्ट समोर आला : एलडीएल ५८, ॲपो-बी ६२. एक लक्ष्याच्या वर, एक खाली. धरायचं काय?

---

मोजपट्टी

ॲपो-बी धरावं. कण मोजायचे होते, ते ६५ च्या खाली आहेत. एलडीएलमधला ३ चा फरक त्याच माणसाचं रक्त पुढच्या आठवड्यात घेतलं तरी पडू शकतो. तेवढ्यावरून औषध वाढवू नये किंवा कमीही करू नये. मात्र तीन गोष्टी तपासाव्यात. मूळ आकड्याच्या निम्म्याखाली आलंय का? नॉन-एचडीएल ८५ च्या खाली आहे का? आणि ही दोन वर्षांतली दुसरी घटना तर नाही ना? दुसरी असेल तर ५८ पुरेसं नाही, इझेटिमाइब चालू नसल्यास आत्ताच जोडायला हवं. पहिलीच असेल आणि बाकी दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर आहे तेच औषध, त्याच मात्रेत, आणि काही महिन्यांनी त्याच लॅबमध्ये, बसवून घेतलेला नमुना.